ज्याच्यामधी नही भाव : बहिणाबाईंच्या देवाबद्दल

अनवट | रवि, २२:१०

बहिणाबाई चौधरींच्या कविता इतक्या पाठ झाल्या आहेत की त्या आता कोणी वाचतच नाही. 'आधी हाताला चटके' लग्नाच्या भाषणात येतं, 'मन वढाय वढाय' व्हॉट्सॲपवर फिरतं, आणि 'बिना कपाशीनं उले' शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून लिहिलं जातं. खाली रंगीत खडूने वेलबुट्टी.

या शेवटच्या कवितेबद्दल बोलायचं आहे. 'कशाला काय म्हणू नये' ही ती. थोडक्यात ओळख, ज्यांना हवी त्यांच्यासाठी : जन्म १८८०, जळगावजवळच्या असोद्याच्या महाजनांकडे. तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरींच्या घरात लग्न. तिशीत वैधव्य, पदरात तीन लेकरं. अक्षरओळख नाही. शेतात, जात्यावर म्हटलेलं जे काही मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवलं तेवढंच उरलं. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या आणि १९५२ ला आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. म्हणजे स्वतःचं पुस्तक त्यांनी पाहिलंच नाही. (पाहिलं असतं तरी वाचता आलं नसतं, हेही आहेच.)

आता कविता. सुरुवात सगळ्यांना येते :

बिना कपाशीनं उले, त्याले बोंड म्हनू नही
हरीनामाईना बोले, त्याले तोंड म्हनू नही

पुढे पान आणि कान. मग मळा आणि डोळा. पहिली तीन कडवी अशी देवाकडे तोंड करून उभी आहेत : तोंडाने नाम घ्यावं, कानाने ऐकावं, डोळ्याने दर्शन घ्यावं. इथपर्यंत कोणत्याही कीर्तनात शोभेल असं आहे. आणि मग चौथं कडवं येतं :

निजवते भुक्या पोटी, तिले रात म्हनू नही
आखडला दानासाठी, त्याले हात म्हनू नही

इथून पुढे हरी जवळपास गायबच होतो. एकदा कान्हा डोकावतो, पण तो गोठ्यात, गाईच्या कडव्यात. बाकी सगळं माणसांचं. हाक ऐकून अडलेला पाय, स्वतःपुरतं भरलेलं पोट, पोटची पोर विकणारा बाप, जन्मदात्यावर उलटलेला लेक. आणि एवढं सगळं सांगून झाल्यावर एकदम शेवटी :

ज्याच्यामधी नही भाव, त्याले भक्ती म्हनू नही
ज्याच्यामधी नही चेव, त्याले शक्ती म्हनू नही

आपण हे शेवटचं कडवं सुटं काढून म्हणतो, तेव्हा 'भाव' म्हणजे देवासमोर डोळे मिटल्यावर जे काही होतं ते, असं वाटतं. पण कवितेत तो शब्द हात, पाय, पोट, माय, बाप, लेक हे सगळं ओलांडून आलेला आहे. माझं म्हणणं एवढंच, की बहिणाबाईंचा भाव देवळात सुरू होत असला तरी मोजला जातो तो उंबऱ्याबाहेर. आखडलेल्या हाताने केलेल्या पूजेला त्या भक्ती म्हणणार नाहीत, आणि हे त्या कुठेही उपदेशासारखं सांगत नाहीत. नुसता क्रम लावून ठेवतात.

दुसरी गोष्ट. चौथ्या कडव्यातल्या दोन ओळी शेजारी शेजारी का आहेत? बाकीच्या बहुतेक ओळींत दोष त्या वस्तूचा किंवा त्या माणसाचा आहे. रातीचा काय दोष? उपाशी निजणारा मनुष्य तर त्या ओळीत दोषी नाहीच. पण लगेच खाली आखडलेला हात ठेवलाय. उपाशी रात्र का झाली याचं उत्तर खालच्या ओळीत आहे, आणि बाई 'म्हणून' हा शब्दसुद्धा वापरत नाही.

तिसरी :

येहेरीतून ये रीती, तिले मोट म्हनू नही
केली सोताची भरती, त्याले पोट म्हनू नही

मोट रिकामी आली म्हणून वाया, पोट भरलं म्हणून वाया. एकाच कडव्यात उलटसुलट. मोटेने आणायचं ते दुसऱ्यासाठी, पोटाने भरायचं तेही एकट्यासाठी नाही.

तुम्हाला काय वाटतं? आणि बाकीच्या कवितांमधला देव कसा दिसतो तुम्हाला?


रिकामटेकडा | रवि, २२:४१

वाचनखूण साठवली. सवडीने लिहितो. (म्हणजे कधीच नाही, पण भावना पोचल्या असतील.)


निळी शाई | रवि, २३:०२

छान लिहिलंय. 'संतकृपा झाली, इमारत फळा आली' हे पण यांचंच ना? त्यातही भक्तीचं असंच बांधीव रूप आहे. पाया, भिंती, कळस.


अनवट | रवि, २३:१५

@निळी शाई, नाही, त्या संत बहिणाबाई. सतराव्या शतकातल्या, तुकोबांच्या शिष्या. 'तुका झालासे कळस' म्हणणाऱ्या. नाव एक म्हणून गल्लत खूप जणांची होते.

पण कळसाचं म्हणालात म्हणून : आपल्या जळगावच्या बहिणाबाईंचाही एक कळस आहे.

अरे संसार संसार, खोटा कधी म्हनू नही
राउळाच्या कयसाले, लोटा कधी म्हनू नही

संसार खोटा, माया सगळी, असं सांगणारी केवढी मोठी परंपरा आपल्याकडे आहे. ही बाई थेट संसारालाच कळसाच्या जागी नेऊन बसवते. लांबून कळस लोट्यासारखा दिसतो हे खरंच, तांब्याचा, उपडा. पण दिसतो म्हणून म्हणायचं नाही. तिशीत नवरा गेलेल्या बाईचं हे म्हणणं आहे, हे लक्षात घेऊन वाचा.


कपाशीवाला | सोम, ०६:२०

चोपडा तालुक्यातून लिहितोय. साहित्यातलं कळत नाही, कपाशीतलं कळतं.

'बिना कपाशीनं उले' हे शहरातल्या लोकांना कल्पना वाटत असेल. आमच्याकडे दरवर्षी बघायला मिळतं. गुलाबी बोंडअळी लागलेलं बोंड बाहेरून हिरवंगार असतं, कळतच नाही. उलायची वेळ आली की टोकाला चिरतं, पाकळ्या अर्धवट उघडतात, आणि आत चिकटून बसलेली पिवळट कवडी. सरकी पोखरलेली. वेचणाऱ्या बाया त्याला हात लावत नाहीत. मजुरी किलोवर, आणि त्याचं वजनच भरत नाही. वर टोकं लागून बोटं सोलतात ती वेगळी.

म्हणजे बोंड दिसायला बोंडच असतं. झाडावर असतं, उलतं पण. फसवतं ते उलल्यावर. तोंडाची तुलना त्याच्याशी केली आहे हे मला फार नेमकं वाटतं. बंद तोंडाबद्दल बाई काहीच म्हणत नाही. उघडून आत काही नसलेल्या तोंडाबद्दल म्हणते.


ओवीबाई | सोम, ०९:४८

@कपाशीवाला, साहित्यातलं कळत नाही म्हणता आणि एवढं लिहून जाता! _/\_


खान्देशी भो | सोम, ११:३०

आमची आजी जात्यावर हेच म्हनायची भो. तिले बहिनाबाई कोन हे ठावं नव्हतं. 'घरोट'मधलं ते, 'तुझ्यातून पडे पिठी, तसं तसं माझं गानं पोटातून येतं व्होटी', हे तं ती सोताचंच समजून म्हनत जाये. मी एकदा सांगतलं, आजी हे पुस्तकात हाये. तं म्हने, मंग पुस्तकवाल्यानं आपलं कसं काय नेलं?


सुरतकर | सोम, १२:१५

हाहा, आजी भारी. इकडे सुरतेत उधना, लिंबायतला आपली अर्धी खान्देश येऊन राहिली आहे. लग्नातली गाणी, बायकांच्या ओव्या अजून ऐकू येतात, पण नव्या पोरांना गुजराती जास्त जवळची. माझ्या मुलाला 'खोप्यामधी खोपा' मी मोबाईलवरच ऐकवलं. त्याला सुगरण पक्षी दाखवायला गावी न्यावं लागलं.

धाग्याच्या विषयावर : मला त्यांच्या देवापेक्षा देवाशी बोलण्याची रीत आवडते. 'उपननी'मध्ये (धान्य वाऱ्यावर उपणण्याची कविता) वारा सुटत नाही, खळ्यावर माणसं पाट्या घेऊन ताटकळलीत, तर वाऱ्याला म्हणतात :

चाल ये रे ये रे वाऱ्या, ये रे मारोतीच्या बापा
नको देऊ रे गुंगारा, पुऱ्या झाल्या तुझ्या थापा

पवनदेवाला नमस्कार वगैरे काही नाही. मारुतीचा बाप असशील, पण थापा पुऱ्या. जसं कामावर उशिरा आलेल्या गड्याला बोलावं तसं.


तर्कटपंथी | सोम, १५:०५

मला हा सगळा भक्तीचा सूर जरा जास्त ताणलेला वाटतोय. बहिणाबाई मुळात बुद्धिवादी होत्या असं माझं मत. पुरावा हवा तर ही घ्या :

नको नको रे जोतिषा, नको हात माझा पाहू
माझं दैव माले कये, माझ्या दारी नको येऊ

आणि याच कवितेत 'नही नशीब नशीब, तयहाताच्या रेघोट्या'. शंभर वर्षांपूर्वी खेड्यातली निरक्षर बाई ज्योतिषाला दारातून परत पाठवते! आज इंजिनीअर झालेले लोक कुंडली मिळेपर्यंत मुलगी बघत नाहीत. त्यांना 'भक्त कवयित्री' करून देव्हाऱ्यात बसवणं म्हणजे त्यांचा सगळ्यात धारदार भाग बोथट करणं.


अनवट | सोम, १८:४०

@तर्कटपंथी, धार बोथट करू नये हे मान्य. पण ती कविता पूर्ण वाचा. सुरुवात काय आहे?

लपे करमाची रेखा, माझ्या कुंकवाच्या खाली
पुशीसनी गेलं कुंकू, रेखा उघडी पडली

कपाळावरची रेघ इतके दिवस कुंकवाखाली झाकलेली होती. कुंकू पुसलं तेव्हा दिसली. आता ज्योतिषी येऊन हातावरच्या रेघा काय वाचणार? जे वाचायचं ते सगळ्या गावाला दिसेल असं कपाळावर उघडं पडलंय. 'माझं दैव माले कये' हे मला तरी युक्तिवादाचं वाक्य वाटत नाही, ते जखमेचं आहे.

आणि त्याच कवितेत ही ओळ आहे, जी तुम्ही सोडलीत :

राहो दोन लाल सुखी, हेच देवाले मांगनं
त्यात आलं रे नशीब, काय सांगे पंचांगं

एकाच दमात देवाकडे मागणंही आहे आणि पंचांगाला नकारही. त्यांना यात विसंगती वाटत नाही. देव नाकारलेला नाही, मधला माणूस नाकारलाय. आणि मागणं केवढंसं, बघा ना. दोन मुलगे सुखी राहोत. त्यातच नशीब आलं, संपलं.

बुद्धिवादी म्हणा हवं तर, पण मग 'देव अजब गारोडी' कुठे ठेवाल? बी उगवून कोंबाला दोन पानं फुटतात तर 'पर्गटले दोन पानं, जसे हात जोडून'. पेरणीनंतर आठवड्याभराने शेतात जाऊन बघा, कपाशीचं रोपटं अगदी तसंच दिसतं. दोन दळं, समोरासमोर. ज्या बाईने वाकून निंदणी केली तिलाच हे सुचणार.


तर्कटपंथी | सोम, १९:२२

'मधला माणूस नाकारलाय' हे पटलं. एवढं मान्य करून थांबतो, नाहीतर तुम्ही आणखी दहा ओळी अंगावर टाकाल.


जुनी वही | सोम, २१:५०

थोडा पाण्यात खडा टाकतो. या कविता बहिणाबाईंच्या तोंडच्या आहेत हे खरं, पण कागदावर कोणी आणल्या? सोपानदेवांनी. ते स्वतः नावाजलेले कवी. तोंडी गाण्याला ठरलेली संहिता नसते, गाणारीण रोज वेगळं म्हणते. मग कोणतं कडवं आधी, कोणतं नंतर, हे कोणी ठरवलं? अनवट यांचा अख्खा मुद्दा कडव्यांच्या क्रमावर उभा आहे. तो क्रम आईचा की मुलाचा?


अनवट | सोम, २२:३०

@जुनी वही, प्रश्न रास्त आहे. क्रम आईचाच, हे सिद्ध करता येणार नाही. मी छापील पुस्तकातला क्रम धरून बोलतोय.

पण कडवी हवी तशी पिसा, कडव्याच्या आतली जोडी कशी मोडाल? उपाशी रात्र आणि आखडलेला हात एकाच कडव्यात आहेत, रिती मोट आणि भरलं पोट एकाच कडव्यात आहे, आणि यमक त्यांना बांधून ठेवतंय. रात-हात, मोट-पोट, हाय-पाय. (हाय म्हणजे हाळ, गुरांना पाणी पाजायची. ज्याच्यामधी नही पानी, त्याले हाय म्हनू नही. धावा ऐकून आडला, त्याले पाय म्हनू नही.) वर शेतातली किंवा रोजच्या बघण्यातली गोष्ट, खाली माणसाचा अवयव. हे तोंडी रचनेचंच लक्षण आहे, लक्षात ठेवायला सोपं. लिहिणारा कवी इतक्या वेळा एकच साचा वापरायला कंटाळला असता.

आणि भक्तीचं कडवं शेवटी नसून मध्ये कुठे असतं तरी ते हात-पाय-पोटाच्या पंगतीतच बसलेलं असतं.


ओवीबाई | सोम, २२:५८

यात एक आणखी. अत्र्यांनी हे ऐकल्यावर बावनकशी सोनं आहे म्हटलं आणि महाराष्ट्रापासून लपवून ठेवणं गुन्हा ठरवला, हा किस्सा सगळ्यांना माहीत आहे. पण सोपानदेवांनी इतकी वर्षं संकोचाने ती वही दाखवलीच नव्हती, हाही त्याच किश्शातला भाग आहे. लेवा बोलीतली आईची गाणी, शिकल्यासवरल्या लोकांसमोर कशी वाचायची, असं वाटलं असेल. जो मुलगा संकोचाने वही दडवतो तो स्वतःच्या ओळी त्यात घुसडेल असं मला वाटत नाही. पण हे माझं वाटणं.


टेकडीवरून | मंगळ, ००:१२

खूप वेळ लिहू की नको करत होते.

'जिले नही फुटे पान्हा, तिले माय म्हनू नही.'

मला पान्हा आला नव्हता. सगळे उपाय झाले, शतावरी, अळीव, डिंक, शेपा, सगळं. लेक पावडरच्या दुधावर वाढली. ती पाचवीत असताना हस्ताक्षर स्पर्धेसाठी हीच कविता लिहून आणली होती. इतकं सुंदर अक्षर. ती ओळ मी तिच्या अक्षरात वाचली.

तुम्ही सगळे मोट आणि पोटाच्या जोड्या लावताय, ते वाचताना मलाही मजा आली. पण वस्तू तिच्या कामावरून मोजणं ठीक आहे, बाईला तसं मोजायचं? कवयित्री स्वतः बाई असून?


ओवीबाई | मंगळ, ०८:३५

@टेकडीवरून ताई, पान्हा हा इथे दुधाचा नाही हो, मायेचा आहे. दोनच कडव्यांनंतर स्पष्ट म्हटलंय : 'दुधावर आली बुरी, तिले साय म्हनू नही, जिची माया गेली सरी, तिले माय म्हनू नही.' म्हणजे माया सरली ती माय नाही. दूध आटलं म्हणून नव्हे. तुमच्या लेकीला विचारा, तुम्ही माय आहात की नाही.


टेकडीवरून | मंगळ, ०९:५०

@ओवीबाई, तुमचा हेतू कळतो आणि बरं वाटलं. पण पान्हा मायेचा असेल तर शेजारी गाय का बांधली आहे? 'नही वळखला कान्हा, तिले गाय म्हनू नही.' गाईच्या शेजारी पान्हा म्हटल्यावर सासवांना काय ऐकू येतं ते मला माहीत आहे. कवितेत काय आहे हे एक, आणि ती ओळ घराघरांत कशी वापरली जाते हे दुसरं.


अनवट | मंगळ, १३:०५

@टेकडीवरून, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. मी त्या ओळीची वकिली करणार नाही. या कवितेची सगळी रीतच कठोर आहे : जे आपलं काम करत नाही त्याचं नाव काढून घ्यायचं. बोंडाचं नाव काढून घेतलं तर बोंडाला काही वाटत नाही. माणसाला वाटतं.

फक्त एक गोष्ट शेजारी ठेवतो, उत्तर म्हणून नाही. याच बाईचं नाव गावाने काढून घेतलं होतं. कुंकू गेलं म्हणजे सवाष्ण गेली, पंगतीतली जागा गेली. तेव्हा तिने काय म्हटलं?

जरी फुटल्या बांगड्या, मनगटी करतूत
तुटे मंगयसूतर, उरे गयाची शपथ

नका नका आयाबाया, नका करू माझी कीव
झालं माझं समाधान, आता माझा माले जीव

बांगडी गेली, मनगट आहे. मंगळसूत्र गेलं, गळा आहे. इथे ती स्वतःला खुणांवरून मोजू देत नाही. 'कशाला काय म्हणू नये' मध्ये दुसऱ्या बाईला मोजताना मात्र तेवढी सूट देत नाही. दोन्ही तिच्याच कविता आहेत.


टेकडीवरून | मंगळ, १४:४०

हं. हे दुसरं मी कधी वाचलंच नव्हतं. शाळेत यातलं काही नव्हतं बहुतेक, नाहीतर लक्षात राहिलं असतं. 'मनगटी करतूत'. वाचते.


निळी शाई | मंगळ, १६:१०

'मन' कवितेबद्दल कोणीच बोललं नाही अजून? माणसाच्या भावनांबद्दल म्हणाल तर तीच ना सगळ्यात मोठी.

समर्थ मनाला 'सज्जना' म्हणून समजावतात, भक्तिपंथाने जा सांगतात. तुकोबा 'मन करा रे प्रसन्न' म्हणतात. दोघेही मनाला काहीतरी करायला लावतात. बहिणाबाई काहीच लावत नाहीत. उभ्या पिकातलं ढोर आहे, हाकलं तरी फिरून येतं, एवढंच. ढोराला कोणी पापी म्हणतं का? हिरवं दिसलं की ते जाणारच. शेतकरी शिव्या घालतो, पुन्हा हाकलतो, पुन्हा येतं.

मध्ये एक कडवं मात्र अंगावर येतं. 'मन जह्यरी जह्यरी', आणि मग 'आरे, इचू, साप बरा, त्याले उतारे मंतर'. बाकीच्या कडव्यांमध्ये पाखरू, लाट, वारा असं खेळकर चाललेलं असतं आणि मध्येच हे. कुठल्या रात्री सुचलं असेल कोण जाणे.


सुरतकर | मंगळ, १७:३३

आणि शेवट विसरू नका :

देवा, आसं कसं मन, आसं कसं रे घडलं
कुठे जागेपनी तुले, असं सपनं पडलं

म्हणजे देवाने मन घडवलं असेल तर ते शहाणपणाने नाही, जागेपणी पडलेल्या स्वप्नात. मी आधी जे म्हटलं ना, गड्याला बोलावं तसं देवाशी बोलतात, त्याचा हा वरचा मजला. इथे रागावणं नाही, थक्क होणं आहे. पण प्रश्न विचारायला कचरत नाहीत.


खान्देशी भो | मंगळ, १८:०५

+१. आन हे वाचूनबी कोनी 'साधीभोळी शेतकरीन' म्हनत असीन तं त्याले काय म्हनू नही तेबी सांगा.


रिकामटेकडा | मंगळ, २०:२०

सवड काढली. मला एकच विचारायचंय. मोट मी सिनेमातच पाहिली आहे. ती रिती कशी काय येते? विहिरीत सोडली की भरणारच ना?


कपाशीवाला | मंगळ, २१:००

@रिकामटेकडा, आमच्या वडिलांनी हाकलेली आहे, मी लहानपणी बघितली आहे. चामड्याची मोठी पिशवी, खाली सोंड. दोन दोर. जाड नाडा मोटेच्या तोंडाला, तो कण्यावरच्या चाकावरून. बारीक सोंदूर सोंडेला. बैल धावेवरून (विहिरीपुढच्या उतारावरून) उतरतात, मोट वर येते, सोंड थारोळ्यात (काठावरच्या हौदात) मोकळी होते, पाणी पाटाला लागतं. मग बैल मागे मागे सरकत वर येतात, मोट परत खाली.

रिती येते दोन कारणांनी. चामडं फाटलं, शिवण सुटली, तर वर येईपर्यंत अर्धं पाणी गळून जातं. किंवा एप्रिल-मेमध्ये विहिरीचं पाणी इतकं खाली जातं की मोट तळाला लोळते, भरतच नाही. दोन्ही वेळेस बैलांना फेरा तेवढाच, आणि हाकणाऱ्यालाही. बाहेरून बघणाऱ्याला मोट चालू आहे असंच दिसतं. चाक कुरकुरतं, गडी गाणं म्हणतो, सगळं जागेवर. पाटात पाणी नाही.

'येहेरीत दोन मोटा, दोन्हीमधी पानी एक' हे पण त्यांचंच. मोठ्या विहिरीवर खरंच दोन मोटा चालायच्या, शेजारी शेजारी.


रिकामटेकडा | मंगळ, २१:१८

धन्यवाद. आता ते कडवं कळलं. म्हणजे देवळातही बरेचदा चाक कुरकुरतंय आणि गाणं चालू आहे, असंच ना? :)


अनवट | मंगळ, २१:४०

@रिकामटेकडा, ते मी म्हणत नाही, तुम्ही म्हणताय. :)

पण देवळाचा विषय निघालाच आहे तर हे एक राहून गेलं होतं :

माझ्यासाठी पांडुरंगा, तुझं गीता-भागवत
पावसात समावतं, माटीमधी उगवतं

वाचता येत नाही याची कुठे खंत नाही, आणि नम्रतेचं नाटकही नाही. पोथी वाचायची राहून गेली असं ती म्हणतच नाही. तिला पोथी मिळालेली आहे. आणि याच कवितेत, देव पानापानांत आहे, वारा कानात सांगतो, असं सगळं भरून आलेलं असताना फुलाच्या वासाबद्दल म्हणते : 'माझ्या नाकाले इचारा, नथनीले त्याचं काय'. मला ही ओळ फार आवडते. नथ मिरवते नाकावरच, वासाच्या सगळ्यात जवळ तीच, आणि तिला पत्ता नाही.


जुनी वही | मंगळ, २२:१५

ही ओळ सोपानदेवांची नाही, हे मी आपणहून मान्य करतो. नथ घातल्याशिवाय हे सुचत नाही.

बाकी 'पिलोक'वर कोणी लिहाल का? प्लेगवरची कविता आहे, तिच्यात गाव उजाडतं आणि माणसं खळ्यामळ्यांत राहायला जातात. कोविडनंतर पुन्हा वाचायला हवी.


अनवट | मंगळ, २२:२८

'पिलोक'साठी वेगळा धागा काढू, इथे गर्दी होईल. तुम्हीच काढा की. मी आणि कपाशीवाले येतोच.


जुनी वही | मंगळ, २२:३१

काढतो. शनिवारपर्यंत वेळ द्या, पुस्तक पुतण्याकडे गेलंय आणि पुतण्याकडून पुस्तक परत येणं हा एक वेगळाच विषय आहे.